चिलटाचा फोटो

मुलांनो, पिकलेल्या केळ्यांभोवती गुणगुणत फिरणारं चिलट तुम्ही पाहिलंच असेल. इवलासा जीव! हाताने हाकललं तर निसटतं, आणि टाळीत सापडेल तर शपथ! या चिलटाला इंग्रजीत 'नॅट' म्हणतात. याच नावाचं एक जेट विमान आहे, आणि ते आपल्या भारताच्या चांगलं ओळखीचं आहे. त्या विमानाचा फोटो काढायला मी गेले होते. फोटो मिळाला का? सांगते. पण सगळं पहिल्यापासून ऐकायला हवं.

२०१८ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी लंडनला ताईकडे जाणार होते. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. वहीचं शेवटचं पान उघडलं की विमानच विमानं! तो म्हणाला, "बाई, तिकडून चॉकलेट नको. खऱ्या लढाऊ विमानाचा फोटो आणा. आणि पेपरातला नको हां, तुम्ही स्वतः काढलेला!" मी "बरं" म्हणून मोकळी झाले. बाईंनी एकदा "बरं" म्हटलं की ते पाळावं लागतं, हे तुम्हाला माहीतच आहे.

ताईचा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्याला विमानांचं वेड आणि फोटोंचंही. मी त्याला अडचण सांगितली तर तो हसायला लागला. "मावशी, त्यात काय! आपण नॉर्थ वील्डला जाऊ. तिथे लोकांनी स्वतःची जेट विमानं ठेवली आहेत."

"लोकांनी? म्हणजे हवाई दलाने ना?"

"नाही गं. लोकांनी. आपल्याकडे कुणाकडे जुनी जीप असते ना, तशी!"

मला ते खरंच वाटेना. पण भावोजींनी तिथल्या एका मंडळींना रीतसर पत्र लिहून परवानगी मागितली, आठ दिवसांत होकार आला, आणि एका सकाळी आम्ही निघालो.

लंडनच्या भुयारी रेल्वेत 'सेंट्रल लाइन' नावाचा मार्ग आहे. त्याच्या ईशान्येकडच्या टोकाला एपिंग हे शेवटचं स्टेशन. गंमत म्हणजे १९९४ पर्यंत ही गाडी पुढे नॉर्थ वील्डपर्यंत आणि त्याच्याही पुढे जायची. तो फाटा बंद पडला, आणि आता त्याच रुळांवरून हौशी लोक जुनी वाफेची इंजिनं चालवतात. थोडक्यात काय, या गावाला जुनी यंत्रं जिवंत ठेवायची खोडच आहे! आम्ही एपिंगला उतरून टॅक्सी केली. दोन्ही बाजूंना हिरवीगार शेतं, मधूनच झाडी, आणि मग एकदम मोकळं सपाट मैदान. तोच विमानतळ.

हा विमानतळ पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये जर्मन विमानं लंडनवर चालून आली तेव्हा त्यांना अडवायला इथून हरिकेन विमानं उडायची. पुढे नॉर्वे देशाच्या वैमानिकांच्या तुकड्याही इथे होत्या. आपला देश शत्रूच्या ताब्यात, आणि लढायचं ते परक्या भूमीवरून! त्यांच्या आठवणीचा एक दगडी स्तंभ जुन्या प्रवेशद्वाराशी उभा आहे. आम्ही तिथे दोन मिनिटं थांबलो आणि मग पुढे गेलो.

हँगर म्हणजे विमानांचा गोठाच म्हणा ना. भलामोठा पत्र्याचा मांडव, आत तेलाचा वास, आणि एकमेकांच्या पंखाखाली पंख सरकवून दाटीवाटीने उभी असलेली विमानं. आमच्यासोबत एक आजोबा होते. पांढऱ्या मिशा, निळा डगला, आणि बोटांच्या पेरांत कधीच न जाणारं काळं ग्रीस. तरुणपणी ते हवाई दलात इंजिनं दुरुस्त करत. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून दोन दिवस इथे येतात. पगार? काही नाही. "घरी बसलो तर मी गंजेन," असं ते म्हणाले.

त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट ऐका. इथली बरीचशी जेट विमानं ही 'शिकाऊ' विमानं आहेत. म्हणजे ज्यांवर नवे वैमानिक शिकत, ती. उदाहरणार्थ 'जेट प्रोव्होस्ट'. ब्रिटिश हवाई दलाने १९५५ पासून १९९३ पर्यंत ती वापरली. त्यात विद्यार्थी आणि शिक्षक शेजारी शेजारी बसतात. आपल्याकडे बंगळूरच्या हिंदुस्थान एरॉनॉटिक्सने 'किरण' विमान बनवलं, ते पहिल्यांदा उडालं १९६४ साली. त्यातही गुरू-शिष्य असेच शेजारी. 'सूर्यकिरण' पथकाच्या कसरती टीव्हीवर पाहिल्या असतील. आता ते पथक हॉक विमानं वापरतं, पण १९९६ ते २०११ या काळात त्याची विमानं होती ती ही किरणच!

हवाई दलाने काढून टाकलेली विमानं लिलावात निघाली, तेव्हा हौशी लोकांनी ती विकत घेतली. प्रत्येक जण काही कोट्यधीश नसतो बरं का. पुष्कळदा पाचसहा जण मिळून एक विमान घेतात आणि खर्च वाटून घेतात. आणि खर्च म्हणाल तर घेण्यापेक्षा पाळण्याचा जास्त! जेट इंजिन तासाभरात शेकडो लिटर इंधन पिऊन टाकतं. सुटे भाग बनवणारे कारखाने केव्हाच बंद झाले. मग कुठल्या तरी मोडीत निघालेल्या विमानाचा भाग शोधून आणायचा. शिवाय दरवर्षी सरकारी तपासणी होते. ती पार पडली तरच उडायचा परवाना.

आणखी एक गंमत. ही विमानं आता खासगी असल्यामुळे त्यांना मोटारीसारखा नवा नोंदणी क्रमांक मिळतो. तो 'जी' या अक्षराने सुरू होतो. पण खास परवानगी घेऊन अंगावर मात्र जुनाच लष्करी क्रमांक आणि जुनेच रंग ठेवतात. कागदावर एक नाव आणि घरी हाक मारायला दुसरं, अगदी तुमच्या-आमच्यासारखं!

आणि मग हँगरच्या तोंडाशी ते दिसलं. लालभडक. नॅट!

खरं सांगू? माझी थोडी निराशाच झाली. एवढंसं? दोन माणसांचं हे शिकाऊ नॅट जेमतेम पावणेदहा मीटर लांब आहे, म्हणजे आपल्या एसटी बसपेक्षाही आखूड. पंखांचा पसारा सव्वासात मीटर. यात विद्यार्थी पुढे बसतो आणि शिक्षक मागे. मला ते फार आवडलं. पुढचं सगळं विद्यार्थ्याने बघायचं, आणि शिक्षकाने पाठीशी राहायचं!

नॅटची कहाणी मोठी मजेदार आहे. विमानं फार मोठी, फार जड आणि फार महाग होत चालली आहेत, असं पेटर नावाच्या ब्रिटिश अभियंत्याला वाटत होतं. त्याने छोटं, हलकं लढाऊ विमान आखलं. ते १९५५ साली उडालं. पण ब्रिटिश हवाई दलाला लढाईसाठी ते काही नको होतं! त्यांनी त्याचं दोन आसनी शिकाऊ विमान करून घेतलं आणि १९६२ पासून वेल्समधल्या व्हॅली तळावर त्यावर वैमानिक शिकवले. १९६५ ते १९७९ त्यांच्या 'रेड ॲरोज' या कसरतपथकानेही नॅटच वापरली. लाल रंग तिथलाच.

भारताने मात्र एका माणसाचं लढाऊ नॅट घेतलं, आणि पुढे ते बंगळूरला बनवलंही. १९६५ च्या युद्धात या चिलटाने पाकिस्तानच्या सेबर विमानांना असं हैराण केलं की त्याला 'सेबर स्लेयर', म्हणजे सेबरचा कर्दनकाळ, असं नाव पडलं. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या तळावर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांनी नॅट घेऊन उड्डाण केलं आणि सहा सेबर विमानांशी झुंज दिली. त्यात त्यांना वीरमरण आलं. परमवीरचक्र मिळालेले ते हवाई दलाचे एकमेव वीर.

हे मी आजोबांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विमानाच्या नाकावर हात ठेवून म्हणाले, "आमच्याकडे हे शाळामास्तर होतं. तुमच्याकडे ते सैनिक होतं."

त्या दिवशी दुपारी नॅट उडणार होतं. भाच्याने मला फोटोचे धडे द्यायला सुरुवात केली. आयुष्यभर शिकवलं मी, आणि आता माझी शाळा घेतो हा पठ्ठ्या! पण त्याचे धडे इतके चांगले होते की तुम्हालाही सांगते.

पंख्याचं विमान असेल, तर शटर फार जलद ठेवायचं नाही. नाहीतर पंखा थांबल्यासारखा दिसतो आणि विमान आकाशात टांगल्यासारखं! जेटला पंखा दिसतच नाही, तेव्हा सेकंदाचा हजारावा भाग एवढं जलद शटर चालतं.

आकाश उजळ असतं. कॅमेरा त्यालाच भुलतो आणि विमान काळं ठिक्कर येतं. म्हणून कॅमेऱ्याला थोडा जास्त उजेड घ्यायला सांगायचं.

विमान सरकत असताना पाय घट्ट रोवायचे आणि कंबरेतून वळायचं, पतंगामागे मान फिरते तसं. बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही.

जेटच्या मागून गरम हवेचा झोत निघतो. त्या हवेतून पाहिलं की सगळं थरथरतं, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसतं तसं. मग कितीही महागडा कॅमेरा असो, फोटो पुसटच येतो. म्हणून झोताच्या पलीकडचा फोटो काढायचा नाही. दुपारपेक्षा सकाळ बरी.

आणि नॅटसारखं बुटकं विमान असेल तर उभ्याने नाही, गुडघ्यावर बसून फोटो घ्यायचा. मी साडी सावरत गुडघ्यावर बसले, तेव्हा आजोबांना हसू आवरेना.

मग ते एकदम गंभीर झाले. बाहेर जायच्या आधी त्यांनी आम्हाला पिवळी जाकिटं दिली आणि नियम सांगितले. विमानाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कॉकपिटमधली खुर्ची संकटात वैमानिकाला बाहेर फेकते. तिच्यात स्फोटकं असतात. लाल फीत लावलेल्या खिळी बसवलेल्या असतात तोवरच ती गप्प असते. आखलेली पिवळी रेघ ओलांडायची नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, जवळ काहीही सुटं ठेवायचं नाही. पेन, नाणं, पिन, लेन्सचं झाकण, काही नाही. इंजिन सुरू झालं की बाजूच्या तोंडांतून हवा ओढून घेतं, आणि हवेबरोबर जे येईल ते. आत वेगाने फिरणारी पाती असतात. एक छोटा स्क्रूदेखील ती पाती तोडू शकतो.

"इतकं जपावं लागतं?" मी विचारलं.

आजोबांनी उत्तर लगेच दिलं नाही. मग २०१५ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या तारखेला चेशायर परगण्यातल्या एका कार्यक्रमात एक नॅट कोसळलं आणि वैमानिक गेला. त्यानंतर २२ ऑगस्टला दक्षिण किनाऱ्यावर शोरहॅमला हवाई कसरती चालू होत्या. हंटर जातीचं दोन आसनी शिकाऊ जेट उंच गिरकी घेऊन खाली आलं ते सावरलंच नाही. शेजारच्या हमरस्त्यावर पडलं. अकरा माणसं मृत्युमुखी पडली. कुणी आपल्या मोटारीतून चाललं होतं, कुणी रस्त्याकडेला उभं होतं. कसरतींच्या मैदानात त्यांच्यातला एकही जण नव्हता. त्यानंतर जुन्या जेट विमानांनी जमिनीवर कोलांट्या घ्यायच्या नाहीत, साध्या फेऱ्याच मारायच्या, असा निर्बंध आला.

"काही लोक म्हणतात, ही विमानं आता संग्रहालयात ठेवा," आजोबा म्हणाले. "त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. पण उडायचंच असेल, तर रोज सकाळी त्या अकरा माणसांची आठवण ठेवूनच विमानाला हात लावावा."

मुलांनो, तिथल्या भिंतीवर एक फळा होता. त्यावर प्रत्येक पान्याची, प्रत्येक पक्कडीची काळी आकृती रंगवलेली. हत्यार जागेवर नसेल तर रिकामी आकृती लांबूनही डोळ्यांत भरते. जोवर एकही आकृती रिकामी आहे, तोवर विमान हलत नाही.

दोन वाजता नॅट बाहेर ओढून आणलं. ऊन छान पडलं होतं. पिवळ्या रेघेपर्यंत जाऊन फोटो काढायला आम्हाला दहा मिनिटं मिळाली. भाच्याने पुढून, बाजूने, गुडघ्यावर बसून, लोळून, भराभर फोटो घेतले. मग आम्हाला मागे दोराच्या पलीकडे उभं केलं. वैमानिक आत बसले. नॅटचं इंजिन सुरू करायला बाहेरून जोराची हवा द्यावी लागते. ते यंत्र जोडलं गेलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला. माझ्या चौथीच्या वर्गाचा फोटो आता निघणार!

तेवढ्यात भाच्याने माझा हात धरला. चेहरा पांढराफटक. "मावशी, माझं झाकण..."

लेन्सचं झाकण त्याने पिशवीत टाकायच्या ऐवजी सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं. आणि आता खिसा रिकामा होता.

मुलांनो, खरं सांगते, माझ्या मनात क्षणभर काय आलं ठाऊक आहे? 'पडलं असेल इथेच कुठेतरी गवतात. कशाला आता?' कुणीच पाहिलं नव्हतं. बोललं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. पण माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्या पोराने दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "थांबा! माझं झाकण हरवलंय!"

आजोबांनी हाताची फुली करून खूण केली. सगळं थांबलं. वैमानिक खाली उतरले. कुणी रागावलं नाही, कुणी एक शब्दही बोललं नाही. आठ-दहा माणसं एका ओळीत उभी राहिली आणि जमीन बघत पाऊलपाऊल पुढे सरकू लागली. आम्हीही. काळं झाकण, करडी जमीन, काही दिसेना. विमानाची तोंडं विजेरी लावून तपासली, चाकांच्या मागे पाहिलं. पाऊण तास गेला. अखेर ते सापडलं. काँक्रीटच्या दोन लाद्यांमधल्या फटीत, आडवं, इंजिनाच्या तोंडापासून दोन-तीन पावलांवर.

तोवर पश्चिमेकडून ढग खाली आले होते. वैमानिकांनी आकाशाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि हेल्मेट काखेत धरून ते आत निघून गेले. उड्डाण रद्द!

भाचा रडवेला झाला. "माझ्यामुळे झालं सगळं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आजोबा त्याच्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "झाकण पाडलंस ही चूक. चूक माझ्याकडूनही होते. पण तू वेळेवर सांगितलंस. मी हवाई दलात असताना अशा माणसालाच शेजारी काम करायला घेत असे." आणि झाकण त्याच्या हातात ठेवण्यापूर्वी त्यांनी ते आपल्या ग्रीस लागलेल्या तळव्यावर धरलं.

मी तेव्हाच बटण दाबलं. पुढे तळवा, त्यावर काळं गोल झाकण, आणि मागे पुसट लाल नॅट.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी तो मुलगा पाचवीच्या वर्गातून पळत आला. "बाई, फोटो?" मी त्याच्या हातात तोच दिला. त्याने उलटसुलट करून पाहिला. "बाई, हे काय? विमान तर उडतच नाहीये!"

मग मी त्याला बसवून सगळी गोष्ट सांगितली, जशी आता तुम्हाला सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बघते तर माझ्या वर्गाच्या कपाटाच्या दारावर आतून खडूने आकृत्या काढलेल्या! कात्रीची, पट्टीची, डस्टरची, गोंदाच्या बाटलीची. कात्रीची आकृती रिकामी होती. ती शोधल्याशिवाय त्याने कुणाला घरी जाऊ दिलं नाही.

मुलांनो, तुमच्या गावात विमान नसेल. नसू दे. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलीवर सराव करा, कंबरेतून वळून. घरच्यांचा साधा मोबाइलही चालेल. फोटो पुसट आले तर पुन्हा काढा. कधी दिल्लीला गेलात तर पालमच्या हवाई दल संग्रहालयात खरं नॅट बघायला विसरू नका. त्याच्यापुढे गुडघ्यावर बसा आणि मग बघा, चिलट केवढं मोठं दिसतं ते!

आणि हो, लेन्सचं झाकण पिशवीत ठेवा. खिशात नको.